बटाट्याचा चीक आणि वासराचा नाच

मे महिन्यातल्या एका संध्याकाळी कामावरून परत आले, तर दाराच्या मुठीला कापडी पिशवी अडकवलेली होती. आत हातभर लांबीचे लालसर-हिरवे देठ होते. लांबून अळूचे वाटले असते, पण हाताला कडक, आणि मोडल्यावर काकडीसारखा आवाज करणारे. सोबत चिठ्ठी होती, 'क्रेम कर. दूध विसरू नको.'

पिशवी खालच्या मजल्यावरच्या आजींची होती. त्यांचं वय ऐंशीच्या पुढे. इथे स्वीडनमध्ये लहानथोर सगळे एकमेकांना 'दू' म्हणजे 'तू'च म्हणतात. मीही स्वीडिशमध्ये त्यांना तसंच म्हणते, पण मनातल्या मनात मराठी करताना त्यांच्यासाठी माझ्याकडून 'तुम्ही'च निघतं. त्यामुळे इथेही त्या आजीच.

लिनशोपिंगला येऊन आम्हाला आठच महिने झाले होते. 'क्रेम' हा शब्द वाचून मी साहजिकच क्रीम समजले आणि दुकानातून क्रीमचा डबा आणला. रात्री पाककृती शोधली, तर तिच्यात क्रीमचा थेंबही नाही. स्वीडिश स्वयंपाकघरात 'क्रेम' म्हणजे फळ साखरपाण्यात शिजवून बटाट्याच्या सत्त्वानं दाट केलेला गोड पदार्थ. तो पिवळ्या, निळ्या, लाल, कुठल्याही फळाचा होतो. आपण जिला क्रीम म्हणतो तिला इथे 'ग्रेद्दे' म्हणतात, आणि ती क्रेममध्ये शिजत नाही, ताटलीत वरून येते. हे दोन शब्द वेगळे कळायला मला एक रात्र लागली. ते दोन पदार्थ ताटलीत वेगळे का ठेवायचे, हे कळायला पुढे वर्ष गेलं.

ते देठ राबार्बरचे, म्हणजे रूबार्बचे होते. आपल्याकडे रेवाचिनी म्हणून जी मुळी औषधात वापरतात, ती याच कुळातली. इथे मुळीला कुणी हात लावत नाही, देठ खातात आणि पानं टाकून देतात. पानांत ऑक्झॅलिक आम्ल इतकं असतं की ती विषारीच धरतात. देठांतही ते असतं, पण कमी. कच्चा तुकडा चावला की दात आंबतात आणि दातांवरून जीभ फिरवली तर ते खरखरीत लागतात. अळू खाजतं म्हणून आपण त्यात चिंच घालतो, तसं इथे राबार्बरबरोबर दूध घ्यायचं, असं आजींनी मला नंतर सांगितलं. दुधातला कॅल्शियम ते आम्ल धरून ठेवतो, हे त्यांना त्यांच्या शाळेत शिकवलं होतं.

पहिल्या दिवशी यातलं काहीच मला माहीत नव्हतं. पाककृती मात्र वाचायला अगदी सोपी होती. अर्धा किलो देठ, चार डेसिलिटर पाणी, दीड डेसिलिटर साखर, तीन मोठे चमचे बटाट्याचं सत्त्व. इथे कोरडं पीठ-साखरही डेसिलिटरच्या मापानं मोजतात, आणि घरोघरी मापांचा एक जुडगा असतो, त्यात १५ मिलिलिटरचा मोठा चमचा, ५ चा लहान आणि १ चा अगदी इवलासा. तराजू क्वचितच लागतो.

सत्त्वाचं पाकीट उघडलं आणि चिमूटभर बोटांत घेतलं, तर ते करकरलं. तो करकर आवाज आणि तो थंड, गुळगुळीत स्पर्श माझ्या बोटांना ओळखीचा होता. आजोळी फलटणला उन्हाळ्यात कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजवायचे, वाटायचे, गाळायचे, आणि रात्रभर ठेवून वरचं पाणी ओतलं की पातेल्याच्या तळाशी पांढराशुभ्र चीक बसलेला असायचा. त्यात बोट घातलं की असंच करकरायचं. म्हणजे हा बटाट्याचा चीक. एकदा हे लक्षात आल्यावर मला फारच धीर आला. चीक शिजवणं मला येत होतं.

त्या धीरानंच पहिलं क्रेम बिघडलं.

चीक शिजवायचा म्हणजे घोटायचा. आजोळी पहाटे चुलीवर मोठं पातेलं चढायचं, आधण आलं की एक मामी चीक ओतायची आणि दुसरी लाटण्याएवढ्या जाड दांड्यानं तो घोटायची. हात थांबला की गुठळ्या, म्हणून हात थांबवायचा नाही. पांढरा रंग जाऊन चीक चकचकीत झाला तरी आजी म्हणायची, 'अजून एक वाफ येऊ दे. कच्चा राहिला तर कुरडई तुटते.' तीच आजीची वाक्यं कानात घेऊन मी लिनशोपिंगच्या विजेच्या शेगडीपाशी उभी राहिले. देठ चिरून शिजवले, सत्त्व गार पाण्यात कालवून ओतलं आणि घोटायला लागले. क्रेम क्षणात दाटलं, काचेसारखं झालं. छान झालं होतं. पण मला ते कच्चं वाटलं. म्हणून आणखी घोटलं, उकळलं, झाकण ठेवून एक वाफ आणली. दहा मिनिटांनी बघते तर पातेल्यात पाणी. गुलाबी, तार धरणारं, चिकटसर पाणी, आणि त्यात देठांच्या विरघळलेल्या शिरा.

दुसऱ्या दिवशी उरलेले देठ घेतले आणि सत्त्व दुप्पट केलं. या वेळी ते पातळ झालं नाही. गार झाल्यावर चमचा उभा राहिला. चव मात्र पुस्तकाला कव्हर चिकटवायच्या खळीसारखी. साखर होती, आंबटपणा होता, पण दोन्ही त्या खळीच्या आत कोंडलेले.

तिसऱ्या दिवशी मी रिकामी पिशवी परत द्यायला खाली गेले आणि काय झालं ते सगळं सांगितलं. आजी हसल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, 'उकळी आल्यावर तू किती वेळ ठेवलंस?' दहा मिनिटं म्हटल्यावर त्यांनी चपला घातल्या आणि मला घेऊन मागच्या बाजूच्या बागेत गेल्या. इथे शहराच्या कडेला छोट्या छोट्या बागांचे पट्टे असतात, फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी भाडं भरून कसायचे. आजींच्या पट्ट्यात राबार्बरची तीन झुडपं होती. देठ कापायचा नाही, हे तिथे शिकले. बुडाशी धरून जरा पिळायचा आणि ओढायचा, मग तो खोबणीतून सुटून येतो. झुडपाचे सगळे देठ एकदम घ्यायचे नाहीत. आणि मिडसोमर, म्हणजे जूनमधला मोठा सण झाला की झुडपाला सोडून द्यायचं, त्यालाही पुढच्या वर्षासाठी जोर धरू द्यायचा.

त्यांच्या स्वयंपाकघरातलं पातेलं स्टीलचं होतं. अॅल्युमिनियमचं नको, आंबट आहे. देठ कोवळे असल्यानं सोलले नाहीत, बोटाच्या पेराएवढे तुकडे केले. पाणी आणि साखर उकळली, त्यात तुकडे टाकले आणि आजींनी मला डाव हातात घेऊच दिला नाही. 'हलवू नको. मोडतात.' पाच मिनिटांत तुकडे मऊ झाले, पण आकार शाबूत. मग पातेलं शेगडीवरून खाली. सत्त्व एक डेसिलिटर गार पाण्यात कालवून बारीक धारेनं ओतायचं, आणि तेवढ्यापुरतंच, तळाशी बसू नये म्हणून, लाकडी चमच्यानं सावकाश फिरवायचं. पातेलं पुन्हा शेगडीवर. आता नुसतं बघायचं.

आधी सगळं दुधट, गढूळ दिसलं. मग कडेनं गढूळपणा मागे सरकायला लागला. कडा गुलाबी आणि पारदर्शक झाल्या, ते आत सरकत मध्यापर्यंत आलं. आणि मध्ये एक जड, मंद बुडबुडा फुटला. आजींचा हात माझ्या हाताआधी पातेल्यापाशी पोचला होता. 'झालं. उचल.'

'कच्चं नाही राहणार?'

'तो बुडबुडा म्हणजेच शिजल्याची खूण. दुसऱ्याची वाट बघायची नाही.'

क्रेम वाडग्यात ओतल्यावर त्यांनी वरून चमचाभर साखर भुरभुरली, साय धरू नये म्हणून. साखर पृष्ठभागावर विरघळते आणि वर कातडं धरत नाही. खिरीवर धरलेल्या सायीसाठी मी भावंडांशी भांडलेली, पण क्रेमवरचं ते कातडं खरंच नको असतं. रबरासारखं लागतं.

माझं पहिलं क्रेम पातळ का झालं ते मी नंतर वाचून काढलं, कारण मला ते समजल्याशिवाय चैन पडेना. बटाट्याच्या सत्त्वाचे कण गव्हाच्या किंवा तांदळाच्या कणांहून बरेच मोठे असतात. पाणी साठ-पासष्ट अंशांवर गेलं की ते फुगायला लागतात, आणि फार म्हणजे फारच फुगतात. म्हणून थोडक्या सत्त्वात इतका दाटपणा येतो आणि तो काचेसारखा स्वच्छ दिसतो. पण इतका फुगलेला कण नाजूक झालेला असतो. जोरात घोटलं, जास्त उकळलं की फुटतो, आणि त्यानं धरलेलं पाणी सुटतं. आंबट फळांतलं आम्ल त्यात भरच घालतं. गव्हाचा चीक मार खाऊ शकतो, हा नाही. माझ्या आजीचं चुकीचं नव्हतं आणि या आजींचंही. चीकच वेगळा होता.

हे सत्त्व इथल्या घरांत कधीपासून आलं हे शोधताना एव्हा एकेब्लाद हे नाव भेटलं. १७२४ साली जन्मलेली ही उमराव घराण्यातली बाई. बटाटा तेव्हा स्वीडनमध्ये नवखा होता, पानात घेण्यासारखा नव्हता. तिनं १७४६ साली बटाट्यापासून पीठ आणि मद्य काढण्याची रीत इथल्या विज्ञान अकादमीला कळवली, आणि १७४८ मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी, त्या अकादमीची ती पहिली स्त्री सदस्य झाली. आजही प्रत्येक दुकानात स्वस्तातल्या स्वस्त फळीवर मिळणाऱ्या त्या पाकिटामागे एका बाईचं स्वयंपाकघरातलं काम उभं आहे, हे कळल्यापासून मी ते जपून वापरते.

आता दूध. गार झालेलं क्रेम आजींनी खोलगट ताटलीत वाढलं आणि कडेकडेनं गार दूध ओतलं, वरून नाही. मध्ये गुलाबी बेट, भोवती पांढरं तळं. चमचा कडेकडून घ्यायचा, म्हणजे प्रत्येक घासात थोडं क्रेम, थोडं दूध. राबार्बरचा आंबटपणा आधी येतो, मागून साखर, आणि मग दूध दोन्हींना शांत करतं. क्रेम खूप गोड असतं तर हे जमलं नसतं. दुधात साखर असती तरी जमलं नसतं.

त्या रात्री व्हिडिओ कॉलवर मी आईला ताटली दाखवली. ती दचकलीच. 'अगं, आंबटात दूध? फाटेल ना! आणि फळ आणि दूध एकत्र पोटाला बरं नाही.' शिकरण आपण खातो की, म्हटलं. 'केळं आंबट नसतं,' ती म्हणाली. तिचं म्हणणं चुकीचं म्हणता येईना. दुधाचा पीएच साधारण ४.६ पर्यंत उतरला की ते फाटतं, आणि राबार्बर त्याहून कितीतरी आंबट. मग हे फाटलं का नाही? मी करूनच पाहिलं. एका वाटीत कोमट क्रेमवर दूध ओतून ढवळलं, दुसऱ्या वाटीत फ्रिजमधल्या क्रेमवर फ्रिजमधलं दूध ढवळलं. पहिल्यात दोन मिनिटांत बारीक कण्या धरल्या. दुसरं खाऊन संपेपर्यंत तसंच राहिलं. दूध चांगलं गार असेल तर आंबटात त्याला गोठायला वेळ लागतो, शिवाय दाटपणामुळे क्रेम आणि दूध पटकन मिसळतही नाहीत. म्हणून दोन्ही गार, आणि ढवळायचं नाही. आईला दोन्ही वाट्यांचे फोटो पाठवले. तिनं उत्तर पाठवलं, 'बरं. पण रात्री खाऊ नकोस.'

जूनमध्ये स्ट्रॉबेरी आल्या. त्यांच्याबद्दल फार लिहीत नाही, कारण त्यांना फार काही करावंच लागत नाही. मिडसोमरचा आदला दिवस १९ ते २५ जूनमधल्या शुक्रवारी येतो, आणि त्या आठवड्यात चौकाचौकात तंबू टाकून इथल्याच शेतांतल्या स्ट्रॉबेरी विकायला बसतात. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरी खाऊन मोठी झालेली मी, मला वाटलं होतं आपल्याला काय नवीन. पण इथली फळं आतपर्यंत लाल असतात आणि वासानं खोली भरते. उन्हाळ्यातले ते न संपणारे दिवस त्यांत उतरलेले असतात. आम्ही त्या अर्ध्या करून ताटलीत घेतल्या आणि वर नुसती फेटलेली क्रीम घातली.

क्रीम फेटणं मात्र शिकावं लागलं. इथली फेटायची क्रीम चाळीस टक्के स्निग्धांशाची मिळते. पुण्यात डब्यात मिळते ती पंचवीस टक्क्यांच्या आसपासची असते. ती कितीही फेटली तरी उभी राहत नाही, हे मला तिकडे केक करताना समजलेलं होतं. त्यामुळे इथे मी यंत्र लावलं आणि शिखरं दिसल्यावरही सुरूच ठेवलं. क्रीम पिवळी पडली, रवाळ झाली आणि भांड्याच्या कडेला पाणी सुटलं. ती खूण मला लहानपणापासून माहीत होती. लोणी यायला लागलं होतं. मग बर्फाचं पाणी घालून गोळा जमवला आणि त्याचं तूप कढवलं. घरभर तो वास पसरला तेव्हा नवरा ऑनलाइन बैठक सोडून बाहेर आला.

आजी क्रीम हातानं फेटतात, तारेच्या फेटणीनं. भांडं आधी फ्रिजमध्ये ठेवलेलं. त्यांची क्रीम कधीच टोकं धरून उभी नसते. फेटणीवरून ती मऊ पट्टीसारखी ओघळते, भांड्यात क्षणभर घडी दिसते आणि मग विरते. तिथेच थांबायचं. साखर नाही, व्हॅनिलाही नाही. पहिल्यांदा मला ती क्रीम फिकी वाटली आणि मी हळूच साखर घालायला लागले, तेव्हा त्यांनी माझा हात धरला. 'आधी फळाबरोबर खा. मग ठरव.' मी खाल्लं आणि साखरेचा डबा झाकला. गोड फळ आणि गोड क्रीम एकत्र आली की दोन्ही सारखीच लागतात. क्रीमला गोडी नसली की तिच्यातलं दूध लागतं, गवताचा किंचित वास लागतो, आणि फळ आणखी फळ होतं. श्रीखंडावर वाढलेले माझे हात हे अजूनही पूर्ण मानत नाहीत, पण जीभ मानते.

ऑगस्टमध्ये आम्ही जंगलात निळी बोरं वेचायला गेलो. 'बोरं' म्हणते खरी, पण इथलं ब्लोबेर आपल्या बोरासारखं नाही आणि मॉलमध्ये डबीत मिळणाऱ्या टपोऱ्या ब्लूबेरीसारखंही नाही. लहान, गुडघ्याखालच्या झुडपांवर येणारं, आणि आतपर्यंत जांभळं. खाल्लं की जांभूळ खाल्ल्यासारखी जीभ रंगते. इथे सार्वजनिक वाटेचा हक्क आहे, 'आल्लेमान्सरेत्तेन'. जंगल कुणाच्याही मालकीचं असो, नासधूस न करता त्यातून हिंडता येतं, रानफळं वेचता येतात. १९९४ पासून त्याचा उल्लेख राज्यघटनेतही आहे. कुणाच्या घराच्या आवारात मात्र जायचं नाही. आजींनी त्यांची फणी दिली होती, दात असलेली डबी, जी झुडपातून वर ओढली की फळं आत पडतात आणि पानं बरीचशी बाहेर राहतात. दोन तासांत तीन लिटर झाली. इथे फळंही लिटरनंच मोजतात.

ब्लोबेरचं क्रेम मी कुणाच्या मदतीशिवाय केलं आणि पहिल्याच फटक्यात जमलं. तो जांभळा बुडबुडा फुटला आणि मी पातेलं उचललं. याच मिश्रणात सत्त्व कमी घातलं की त्याचं सूप होतं. मार्चच्या पहिल्या रविवारी सेलेन ते मूरा असे ९० किलोमीटर बर्फावरून घसरत जातात, ती वासालोपेत नावाची शर्यत १९२२ पासून चालू आहे. तिच्या वाटेवर स्पर्धकांना हेच निळं सूप गरम गरम देतात. क्रेम आणि सूप यांत फरक चमचाभर चिकाचा.

नाताळातल्या 'रीस आ ला माल्टा'वरून मी भरभर पुढे जाते. चवीला चांगला आहे, पण त्यात शिकण्यासारखं थोडं. गोल दाण्याच्या तांदळाची दुधातली पेज नाताळच्या आदल्या दिवशी करतात. उरलेली गार पेज फेटलेल्या क्रीममध्ये हलक्या हातानं मिसळायची आणि संत्र्याच्या सोललेल्या फोडी घालायच्या. डेन्मार्कमध्ये असाच पदार्थ 'बदामाचा भात' अशा अर्थाच्या फ्रेंच नावानं करतात, आणि त्यातल्या बदामाचं स्वीडिश तोंडात माल्टा झालं, असं मानतात. माल्टा बेटाचा संबंध नाही. फोडींचा पांढरा पापुद्रा पूर्ण काढायचा, नाहीतर कडू. एवढंच.

फेब्रुवारीत आजींनी विचारलं, 'तू काल्व्हदान्स खाल्लास का कधी?' काल्व्हदान्स म्हणजे वासराचा नाच. मी नाही म्हणाले. मग त्यांनी सांगायला सुरुवात केली. त्या मूळच्या दक्षिणेकडच्या स्मोलांडच्या, घरी गाई होत्या. गाय व्याली की पहिल्या दिवसांचं पिवळं, दाट दूध, वासराचं पोट भरून उरलेलं. त्यात साखर, वेलदोडे. भट्टीत ठेवायचं, की आपोआप धरतं, विरजण नको, अंडं नको. त्या बोलत होत्या आणि मी खुर्चीच्या कडेला येऊन बसले होते.

'खरवस!' मी म्हणाले.

त्यांना तो शब्द कळायचा प्रश्नच नव्हता. पण मला त्यांना सांगायचं होतं की आमच्याकडे त्या दुधाला चीक म्हणतात, आणि गव्हाच्या त्या सत्त्वालाही चीकच म्हणतात, आणि मे महिन्यापासून मी तुमच्याकडे हे दोन्ही चीक शिकतेय. माझ्या स्वीडिशमध्ये हे सगळं नीट मांडता आलं नाही. मी वाटीभर सत्त्व आणि दुधाचा पेला शेजारी ठेवून दोन्हींकडे बोट दाखवलं आणि 'चीक, चीक' म्हटलं. त्यांनी मान डोलावली आणि त्यांच्या वहीत लिहून घेतलं.

शहराबाहेरच्या एका गोठ्यात गोठवलेला चीक मिळाला, दोन लिटर. तो पहिल्या धारेचा होता, अगदी केशरी. आजोळी पहिल्या दिवसाच्या चिकात साधं दूध मिसळायचे, नाहीतर खरवस दगड होतो. आजींचंही तेच. किती मिसळायचं हे आधी कपभर शिजवून बघायचं, हेही दोघींकडे तंतोतंत एक. आम्ही कपात निम्मं-निम्मं केलं, ते अजून घट्ट धरलं, म्हणून दूध आणखी वाढवलं. गोडाला मी गूळ सुचवला. त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, 'एक भांडं तुझं, एक माझं.'

त्यांच्या भांड्यात साखर, वेलदोड्यांची भरड पूड आणि मिठाची चिमूट. वेलदोडा इथे परका नाही, गोड पावापासून केकपर्यंत सगळीकडे असतो. माझ्या भांड्यात गूळ, वेलदोडा, जायफळ. भांडीही त्यांनी कपाटातून वेगळी काढली. एक होतं तांब्याचं, आतून कल्हई केलेलं, त्यांच्या आईचं. स्मोलांडमध्ये उस्तकाका नावाचा दुधाचा आणखी एक पदार्थ असतो. चीज करताना वापरतात त्या रेनेटनं दूध फाडून, त्यात अंडी, साखर, बदाम घालून भट्टीत भाजलेला, वर क्रीम आणि फळांचा मुरांबा घेऊन खायचा. तो याच भांड्यात व्हायचा. पाहुण्यांनी तो मधून खायला सुरुवात करायची, कडेनं नाही. जुन्या भांड्यांची कल्हई कडेला उडालेली असायची म्हणून, असं सांगतात. कल्हईवाला दारात आला की आमची आजी सगळी भांडी अंगणात मांडायची, ते मी त्यांना सांगितलं. त्यांच्याकडेही फिरते कल्हईवाले यायचे.

दोन्ही भांडी पाण्याच्या ट्रेमध्ये ठेवून ओव्हन दीडशे अंशांवर लावला. मला कुकरच्या वाफेची सवय, शिटी काढून वीस मिनिटं. ओव्हनचा अंदाज नव्हता. चाळीस मिनिटांनी आजींनी भांडं हलवून पाहिलं, मध्ये अजून थरथरत होतं. 'काढूया,' त्या म्हणाल्या. मला ते कच्चं वाटलं. माझं भांडं मी आणखी थोडा वेळ ठेवलं.

दोन्ही पूर्ण गार झाल्यावर कापले. आजींनी वर लिंगोन घातली. ही लाल, आंबट-कडवट रानफळं त्या शिजवत नाहीत. कच्चीच साखरेत घोळून ठेवतात, आणि फळातच असलेल्या बेंझोइक आम्लामुळे ती महिनोन्‌महिने टिकतात. बाजूला बिनसाखरेची, ओघळणारी क्रीम. दुधाच्या गोड वडीवर तो लाल आंबट रस उतरला, तेव्हा मला पहिल्यांदाच वाटलं की खरवसाला इतकी वर्षं हे हवं होतं. आईला फोटो पाठवला. लगेच फोन आला. 'खरवस? तिकडे? आणि वर ते लाल काय?' मी सांगितलं. ती जरा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, 'करवंदं चालतील का गं?'

आजींची वडी रेशमासारखी होती, सुरी अलगद फिरली. माझी चवीला आजोळची होती, गुळाचा तोच खमंगपणा, जायफळाचा तोच वास. नवऱ्यानं तीन वड्या खाल्ल्या. पण कापल्यावर कडेला बारीक बारीक छिद्रं दिसली आणि बशीत पाणी सुटलं. आजींनी त्या छिद्रांवर बोट ठेवलं, काही बोलल्या नाहीत, आणि दुसरी वडी घेतली.

मी वहीत लिहिलं: गुळाचा खरवस, ओव्हन १५० अंश, मधे थरथरत असतानाच बाहेर. करवंदं मेमध्ये आईकडून.